पैनगंगेच्या दोन काठांचे स्वातंत्र्य

वणीहून दक्षिणेस जाऊन पैनगंगा ओलांडली की कोरपना तालुका लागतो. बोली तीच, कापूस तोच, सोयरीकही दोन्ही काठांवरची. तरीही १५ ऑगस्ट १९४७ रोजी अलीकडचा काठ स्वतंत्र झाला आणि पलीकडच्या काठाला आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. असे का झाले, हे आपल्या मुलामुलींना ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मूळ कारण कर्जाचे आहे. इंग्रजांच्या हुकमतीखालील फौजेचा खर्च हैदराबादच्या निजामाने सोसायचा होता. तो थकला, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात इंग्रजांनी वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. शेत मक्त्याने द्यावे तसा अख्खा प्रांत दिला गेला. त्यात राहणाऱ्यांना विचारतो कोण? (आजच्या यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत आपल्या वणीचेच नाव होते, हे पुष्कळांना माहीत नसते.) कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. परंतु कारभार मध्यप्रांताशी जोडलेला असल्यामुळे १९४७ मध्ये वऱ्हाड भारतातच राहिले.

पलीकडचा राजुरा तालुका मात्र आदिलाबाद जिल्ह्यात, थेट निजामाच्या अमलाखाली होता. आजचे कोरपना व जिवती हे तालुके त्यातूनच निघाले. मीर उस्मान अली खान यांना स्वतंत्र राज्य हवे होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी ‘जैसे थे’ करार झाला. पण कासीम रझवीच्या रझाकारांनी संस्थानात दहशत माजवली. त्याच महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवेदन काढून संस्थानातील अस्पृश्य समाजाला निजामाची बाजू न घेण्याचे आवाहन केले. आपल्या समाजातील काही पुढारी तेव्हा निजामाच्या बाजूने होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निवेदनाचे मोल कळते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले. मुख्य तुकडी सोलापूरच्या बाजूने गेली. १७ तारखेस निजामाने युद्धबंदी जाहीर केली. रणगाडे आणि विमाने वापरूनही तिला ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले. हैदराबादचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पोहोचले होते आणि भारताच्या दृष्टीने हा घरातला प्रश्न होता.

स्मरणिकांतून सहसा येथेच पूर्णविराम दिला जातो. आम्हांस ते योग्य वाटत नाही. कारवाईनंतरच्या दिवसांत अनेक गावांत निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान सत्तावीस ते चाळीस हजार असल्याचे नोंदविले. उस्मानाबाद आणि नांदेड या मराठी जिल्ह्यांनाही त्याची मोठी झळ बसली. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे, आणि हेही खरे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादेतून राजुरा निघून नांदेडला जोडला गेला, १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. सीमेचा प्रश्न मात्र पुरता मिटला नाही. जिवती तालुक्यातील चौदा गावांवर पुढेही दोन राज्ये हक्क सांगत राहिली आणि तेथील अनेकांची नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत आली.