उजवा हात उघडा

राजापार्कच्या बाजारात सकाळी कचऱ्याच्या गाडीकडे थांबून कोणी पाहत नाही. गाडीआधी तिचं गाणं ऐकू येतं, दुकानदार पिशवी पायरीवर ठेवतो आणि पाठ फिरवतो. त्या दिवशी नजर अडकली ती मागच्या फळीवर उभ्या असलेल्या मदतनिसाच्या हातांवर. डाव्या हातात कोपराजवळ पोचणारा नारिंगी रबरी मोजा, उजवा हात उघडा. मोजा हरवला नव्हता. पॅन्टच्या खिशातून त्याची बोटं बाहेर लोंबत होती. तो हातात नसून खिशात का, एवढ्या एका प्रश्नापायी पुढच्या चार सकाळी आदर्श नगरच्या गल्ल्यांत या गाडीमागे गेल्या.

आदर्श नगर आणि त्याला लागून असलेलं राजापार्क हा जयपूरच्या तटबंदीबाहेरचा भाग. फाळणीनंतर घरंदारं सोडून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी तो वसवला, दुकानदारीने सावरला. आजही एकाच गल्लीत लग्नाच्या कपड्यांची दुकानं, छोले-भटुऱ्यांच्या गाड्या, ब्यूटी पार्लर, दातांचे दवाखाने आणि रक्ततपासणीच्या लॅब एकमेकांना खेटून आहेत. आपल्याकडच्या घंटागाडीला इथे ‘हूपर’ म्हणतात. २०१७ साली शहरात दारोदारचा कचरा उचलायला हूपर फिरू लागल्या, तेव्हा ते कंत्राट पुण्याच्या बीव्हीजी इंडियाकडे होतं. या गाड्यांच्या कहाणीत पुण्याचा धागा आहे तो असा.

काम सांगायला सोपं आहे. पिशवी उचलायची, गाठ सोडायची, ओलं एका कप्प्यात, सुकं दुसऱ्यात, पुढच्या दारी जायचं.

उत्तर त्या गाठीत होतं. कपड्याच्या दुकानाची पिशवी कशीही उलटी केली तरी चालते. खाण्याच्या गाडीवरच्या पिशवीला मात्र दोन-तीन गाठी मारलेल्या असतात, कारण आतलं खरकटं गळू नये अशी दुकानदाराची इच्छा असते. प्लॅस्टिकची ओली गाठ जाड रबरी बोटांनी सुटत नाही. मदतनिसाने ते करून दाखवलं: मोजा चढवला, गाठ चाचपली, बोटं दोनदा निसटली, तेवढ्यात चालकाने हॉर्न वाजवला. मोजा परत खिशात गेला आणि नखाने गाठ सुटली. कंत्राटदाराने मोजे दिले की कागदावरचं काम पूर्ण होतं. ते कोणाच्या बोटांच्या मापाचे आहेत, त्यांनी गाठ सुटते का, हे हात वापरणाऱ्याला कोणी विचारलेलं नाही.

वास मात्र चारही दिवस मागे आला. आंबलेलं ताक, कालचा शिळा मैदा आणि त्यावर तरंगणारा स्पिरिटचा तीव्र दर्प. लस्सीच्या दुकानाचा वास ओळखता येतो. त्याच पिशवीतून स्पिरिट कुठून आलं? शेजारच्या एखाद्या लहान दवाखान्यातला कापूस कोणीतरी जाता जाता तिच्यात कोंबला असणार. कापसाबरोबर सुईही आली असेल, तर गाठ सोडणाऱ्याला ती डोळ्यांआधी बोटाला कळते.

कायद्याने ती सुई तिथे असायलाच नको. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार सुया आणि ब्लेड पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचलं तरी न फुटणाऱ्या डब्यात जायला हव्यात आणि तो डबा वेगळ्या गाडीने न्यायला हवा. पण नियम दवाखान्यांना लागू आहेत. घरी इन्सुलिन घेणारा मधुमेही आणि कोपऱ्यावरचा न्हावी आपली सुई, आपलं ब्लेड साध्या पिशवीतच टाकतात.

अशी टोचणी किती धोक्याची? डॉक्टर मंडळींच्या तोंडी एक आकडा असतो: शंभरात तीस. हिपॅटायटिस बी झालेल्या माणसाच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्या शंभर जणांना टोचली, तर तिसांपर्यंत माणसांना लागण होऊ शकते. हिपॅटायटिस सीसाठी हाच आकडा दोनच्या आत आहे, एचआयव्हीसाठी हजारात तीन. लोक घाबरतात ते एचआयव्हीला, पण शंभरात तीस हा आकडा दुसऱ्याच रोगाचा आहे आणि त्याचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. म्हणजे सोमवारी फेकलेली सुई शनिवारीही घातक असू शकते.

हिपॅटायटिस बीवर लस आहे. स्वस्त आहे, तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण. बाळांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर पोचली २०११ मध्ये. मागच्या फळीवर उभा असलेला माणूस त्याच्या कितीतरी आधी जन्मला. त्याला विचारलं तेव्हा लस म्हणून आठवली ती कोविडची. सुई टोचली की काय करतो? जखमेतून रक्त पिळून काढतो आणि तिला चुना लावतो. खरं तर पिळायचं नसतं. साबण-पाण्याने धुवायचं आणि तासा-दोन तासांत सरकारी रुग्णालय गाठायचं, कारण एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगाची. गाडीवर साबण नव्हता. पाण्याची एक बाटली होती, प्यायची.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत कामगाराला काय मिळायला हवं ते नावानिशी दिलं होतं: गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं, मास्क. यादी चांगली होती. पण तिच्यातली प्रत्येक वस्तू कामगाराच्या अंगावर चढते आणि धोका दुसऱ्याच कोणीतरी पिशवीत बांधून ठेवलेला असतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या वाल्मीकी समाजाच्या माथी मारलं गेलं, तेव्हापासून ही वाटणी अशीच चालत आली आहे.

पुण्याचा दुसरा धागा इथे आठवतो. १९९३ साली तिथे कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ पासून तिच्यातूनच निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघर कचरा गोळा करते. तिथल्या बायकांनी रोज उघड्या हाताने सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर वेगळे केले होते. त्यांनी मोजे वाढवून मागण्यापेक्षा वेगळी गोष्ट मागितली: ही वस्तू कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडी उघडायची गरज नाही. २०१३ मध्ये तर वापरलेले नॅपकिन ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले गेले. २०१६ च्या नियमांनी या कंपन्यांवर गुंडाळायची पिशवी देण्याची जबाबदारी टाकली. एक लाल ठिपका, आणि धोका ओळखण्याचं काम बांधणाऱ्याकडे गेलं.

हाताइतकाच घोर मागच्या फळीचा. हूपर गल्लीतून मागे येते तेव्हा मदतनीस तिच्यावरच उभा असतो, एका हाताने पत्र्याची कड धरून. युरोपातल्या मानकानुसार फळीवर माणूस असेल तर कचऱ्याची गाडी मागे जाऊच शकत नाही आणि ताशी ३० किलोमीटरच्या वर पळत नाही, यंत्रच अडवतं. अमेरिकेत तर हे काम देशातल्या सर्वांत जीवघेण्या कामांत मोजतात. २०२३ मध्ये दर लाख कामगारांमागे ४१ मृत्यू. तिथे निदान मोजतात. इथे कंत्राटावरच्या माणसाचं बोट चिरलं तर ते बहुतेक वेळा कुठल्याच वहीत चढत नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने अनेक वर्षं लढून २०१७ साली सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना सर्वोच्च न्यायालयातून कायम करून घेतलं. कायम होणं म्हणजे पगार तर खराच, पण जखम झाली की ती कोणाच्या तरी खात्यात लिहिली जाणं हेही त्यात आलं.

चौथ्या सकाळी गाडी एका सलूनपुढे थांबली. न्हावी आतून पिशवी घेऊन आला आणि दुसऱ्या हातात पाण्याची एक रिकामी बाटली, झाकण घट्ट लावलेली. आत महिनाभराची वापरलेली ब्लेडं होती, हलवली की खुळखुळत होती. असं करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी त्याच्या स्वतःच्या मुलाच्या तळव्यात ब्लेड गेलं होतं. मदतनिसाने बाटली दोन बोटांत धरली, मागे टाकली नाही. पुढे जाऊन चालकाच्या पायाशी ठेवली.

मग तो पुढच्या दुकानाच्या पायरीवरच्या पिशवीकडे वळला. उचलण्याआधी उघड्या हाताची पाठ तिच्यावरून हलकेच फिरवली, तापलेल्या तव्याजवळ हात नेऊन पाहावा तशी, आणि गाठीला नख लावलं.