पुराच्या बोटीचं इंजिन स्लोवर का थांबत नाही?

वणा नदीचं पाणी चढायला लागलं की हिंगणघाटात पहिली चौकशी होते ती वडगावच्या धरणाची. दरवाजे उघडले का, किती उघडले? नदी नागपूर जिल्ह्यातून येते, वरच्या अंगाला नांद आणि वडगावचे जलाशय आहेत. त्यामुळे गावात पाऊस उघडलेला असतानाही काठच्या वस्तीत पाणी शिरू शकतं. जुलै 2022 चा पूर इथले लोक विसरलेले नाहीत. अशा वेळी रबरी बोट निघते आणि तिच्या मागे टांगलेलं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, दोरी ओढून सुरू केलं जातं. सुरू होतंही. पण रेस सोडली की फट-फट करतं, थरथरतं आणि बंद पडतं.

‘रेसवर तर चांगलं चालतंय, चला’ असं म्हणून अशी बोट पाण्यात घालू नये. बचावाचं खरं काम स्लोवरच होतं. छपरावर बसलेल्या माणसांजवळ जायचं, विजेच्या तारा आणि बुडालेली कुंपणं चुकवायची, भिंतीला बोट टेकवायची, हे सगळं अगदी हळू. माणूस पाण्यात असेल तर जवळ पोचताच इंजिन न्यूट्रल करावं लागतं, कारण पंखा त्याच्या पायाशी असतो. त्या घडीला इंजिन बंद पडलं तर प्रवाह बोट ओढून नेतो.

बरेच जण इथे एक सोपा उपाय करतात: आयडलचा स्क्रू पिळून स्लो वाढवून टाकतात. हा उपाय घातक आहे. अशा बहुतेक लहान इंजिनांचा स्लो मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत मिळतो. तो दीड हजारावर नेला की गिअर टाकताना खाडकन आवाज होतो, बोट हिसका देऊन पुढे उडी मारते आणि गिअरचे दात झिजतात. दुखणं मात्र आत तसंच राहतं.

ते कुठे असतं, हे कळायला कार्ब्युरेटरमधली एक गोष्ट लक्षात घ्यावी. रेस दिलेली असताना पेट्रोल मुख्यतः मेन जेटमधून येतं. रेस सोडली की हवेची झडप जवळजवळ मिटते आणि मेन जेटमधून पेट्रोल येणं थांबतं. मग इंजिन जगतं ते स्लो जेटवर. पितळेच्या या छोट्या नळीचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. रेसवर ठणठणीत आणि स्लोवर आजारी असं इंजिन दिसलं की पहिला संशय या भोकावर घ्यावा. दोन्हीकडे रडत असेल तर प्लग, पेट्रोलचा पुरवठा किंवा कॉम्प्रेशन बघावं.

आता ते भोक का बुजतं? कारण हे इंजिन वर्षातले दहा-अकरा महिने गोदामात उभं असतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि खाली लाखेसारखा चिकट थर उरतो. त्यात भर इथेनॉलची. जून 2022 मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंत पोचलं, आणि आता पंपावर 20 टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. रोज फिरणाऱ्या मोटारसायकलला याचा फारसा त्रास नाही, टाकी आठवड्यात रिकामी होते. वर्षभर पडून राहणाऱ्या टाकीचं तसं नाही. ओलावा हद्दीबाहेर गेला की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. इंजिनाला जाणारी नळी तळातूनच पेट्रोल उचलते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एक पारदर्शक काचेची बाटली घ्या. वाटीच्या बुडाशी निचऱ्याचा स्क्रू असतो, तो सैल करून आतलं पेट्रोल बाटलीत उतरवा. पाच मिनिटं बाटली हलवू नका, मग उजेडासमोर धरा. खाली वेगळा थर आणि मधे स्पष्ट रेघ दिसली तर पाणी आहे. रंग चहासारखा झाला असेल, वास वार्निशसारखा आंबूस येत असेल, तर पेट्रोल शिळं आहे. दोन्हीपैकी काहीही निघालं तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पेट्रोल भरा आणि फिल्टर बदला. हे काम उघड्यावर करा, विडी-काडी लांब ठेवून.

त्यानंतरच इंजिन सुरू करायचं, आणि तेही पाण्यात. पंखा काढून इंजिनाचा खालचा भाग मोठ्या ड्रममध्ये बुडवा. पाणी शोषणाऱ्या जाळ्या पाण्याखाली गेल्या पाहिजेत. कोरडं चालवलं तर पाणी ओढणारा रबरी इम्पेलर लगेच जळतो. बाजूने पाण्याची बारीक धार सतत पडते आहे ना, हे बघत राहा.

आधी फुकटातल्या गोष्टी तपासा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद असला तर थोड्या वेळाने पेट्रोल येईनासं होतं. नळीतला रबरी फुगा दाबून घट्ट होतो का? होत नसेल तर कुठल्यातरी जोडातून हवा शिरते आहे. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडतात, चिरतात. त्या वाकवून बघा. मग प्लग काढा. काळा आणि ओला असेल तर त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. साफ करण्यात वेळ घालवू नका, नवे प्लग टाका.

प्लगवर तेल दिसलं तर मात्र एक प्रश्न विचारायचा: इंजिन ट्रकमधून आणताना कसं ठेवलं होतं? फोर-स्ट्रोकमध्ये तेल खाली वेगळं साठलेलं असतं. ठरलेली बाजू सोडून इंजिन आडवं टाकलं की तेल सिलिंडरमध्ये उतरतं आणि मग धूर, मिसिंग. कोणत्या कुशीवर ठेवायचं याची खूण बहुतेक इंजिनांवर असते. दुसरी चूक तेलमिश्रित पेट्रोलची. बचावाच्या ताफ्यात टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक दोन्ही असले की डबे बदलतात. फोर-स्ट्रोकला निव्वळ पेट्रोलच हवं. डब्यावर ठळक रंगात लिहून ठेवा.

इथवर सगळं ठीक असेल तर कार्ब्युरेटर उतरवा. स्लो जेट काढून आभाळाकडे धरा. मधोमध स्वच्छ, गोल उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला किंवा काहीच दिसलं नाही, तर दुखणं तुमच्या चिमटीत आहे. इथे घाईने लोखंडी तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग ते इंजिन कायम जास्त पेट्रोल पीत राहतं. कार्ब क्लीनरमध्ये जेट भिजत ठेवा, नंतर दाबाची हवा मारा. जेटच नाही, तर कार्ब्युरेटरच्या अंगातल्या बारीक वाटाही हवेने मोकळ्या करा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर यासाठी पुरतो, फक्त पाइपातलं पाणी आधी सोडून द्या. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन किती फेरे बसले ते मोजा, लिहा, आणि परत तेवढाच उघडा.

जेट साफ करूनही थरथर राहिली तर चालू इंजिनावर मॅनिफोल्डच्या जोडापाशी साबणाचं पाणी थोडं शिंपडा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जाते, गॅस्केट बदला. टॅपेट गार इंजिनावर तपासून घ्या. दोन-तीन कार्ब्युरेटर असतील तर त्यांचा मेळ गेज लावून जाणकारानेच घालावा. इंजेक्शनच्या नव्या इंजिनात स्लो जेट नसतं, पण शिळं पेट्रोल तिथेही फिल्टर आणि इंजेक्टर अडवतं.

ही सगळी खटपट मुळात वाचवता येते. काम झाल्यावर स्वच्छ पाण्यात इंजिन चालवून आतला गाळ धुवा, पेट्रोलची नळी काढा, इंजिन आपोआप बंद पडू द्या आणि वाटीतला उरलेला थेंबही सोडा. इंजिन उभं ठेवा. महिन्यातून एकदा ताज्या पेट्रोलवर ड्रममध्ये दहा मिनिटं चालवा आणि परत वाटी कोरडी करा. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एसडीआरएफच्या, तुकड्या नागपूर आणि धुळ्याला असतात. नागपूरहून हिंगणघाट पाऊणशे किलोमीटर आहे, आणि पुरात रस्ता मोकळा असेलच असं नाही. तुकडी पोचेपर्यंत जवळच्या बोटीवरच भिस्त असते.

तुमच्या तालुक्यात अशी बोट असेल तर मृग लागायच्या आधी जाऊन बघा. इंजिन चालू करून दाखवा म्हणा, आणि रेस सोडल्यावर पाच मिनिटं ते शांतपणे चालतं का, तिथे उभं राहून ऐका.