पेटीचें बटण आणि मिडीचा आंकडा

पेटीच्या पुढील अंगास जीं लहान बटणें असतात, तीं शोभेकरितां बसविलेलीं नसतात. एक ओढलें असतां खर्जाच्या रीडांकडे हवा जाते, दुसरें ओढलें असतां मधल्या सप्तकाच्या रीडांकडे, आणि एखादें बटण असें असतें कीं तें ओढल्यावर एकच स्वर अखंड घुमत राहतो. पट्ट्या त्याच, बोटें तींच. परंतु आवाजाचा पोत निराळा. पेटीवाला ही मांडणी गाणें सुरू होण्यापूर्वींच करून घेतो, कारण एकदां गायकानें स्वर लावला म्हणजे उजवा हात पट्ट्यांवर व डावा भात्यावर अडकलेला असतो.

हीच सोय विजेच्या वाद्यांत आली तेव्हां तिचें रूप किती पालटलें हें पाहावयाचें असेल तर १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटांतील पुंगी आठवावी. ती कोणा गारुड्यानें वाजविलेली नव्हे. हेमंतकुमार यांच्या संगीतांत ती कल्याणजी यांनीं क्लाव्हायोलिन नांवाच्या वाद्यावर साधली, व तिला रवि यांच्या पेटीची साथ होती. ह्या वाद्यांत पट्ट्यांच्या जवळ खटक्यांची एक ओळ असे. कोणते खटके लावावयाचे यावर तो आवाज बासरीकडे झुकणार कीं सनईकडे, हें ठरे. पुढें केर्सी लॉर्ड यांनीं मुंबईच्या चित्रपटसृष्टींत मूग सिंथेसायझर आणला. त्यांत आवाज घडविण्याची मुभा फार मोठी, परंतु स्मरण मुळींच नाहीं. खुंट्या फिरवून जमविलेला आवाज पुन्हां हवा असेल तर प्रत्येक खुंटी कोठें होती तें कागदावर टिपून ठेवावें लागे. ही अडचण १९७८ सालीं अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-५ ह्या वाद्यानें दूर केली. त्यांत चाळीस आवाज सांठवितां येत आणि बटण दाबतांच परत मिळत. अशा सांठविलेल्या मांडणीस आज प्रिसेट म्हणतात.

एका कंपनीचें वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशीं बोलूं शकत नसे, ती अडचण मात्र उरली. डेव्ह स्मिथ व जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या प्रयत्नानें मिडी नांवाची समाईक भाषा ठरली, आणि १९८३ च्या जानेवारींत दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडून दाखविण्यांत आलीं. एकावर पट्टी दाबतांच दुसरें वाजलें.

मिडीच्या तारेंतून आवाज जात नाहीं. जातात ते केवळ आंकडे. कोणती पट्टी दाबली, किती जोरानें, केव्हां सोडली, इतकेंच. म्हणून ज्यास मिडी कीबोर्ड कंट्रोलर म्हणतात तें वाद्य स्वतः मुकें असतें. आवाज असतो दुसऱ्या पेटाऱ्यांत, अथवा संगणकांत. आपल्याकडे कोणत्याही कीबोर्डास सर्रास ‘कॅसिओ’ म्हणण्याची चाल आहे. त्यामुळें घरीं नवा कंट्रोलर आणून त्यांतून सूरच निघत नाहीं, अशी तक्रार घेऊन दुकानांत परत जाणारे पालक पुष्कळ आढळतात. दोष वाद्याचा नसतो.

आवाज बदलण्याचा हुकूमही आंकड्यानेंच जातो. ० पासून १२७ पर्यंतचा एक आंकडा पाठविला म्हणजे पलीकडील वाद्य त्या क्रमांकाचा आवाज उचलतें. १२८ आवाज पुरेनासे झाले तेव्हां त्यांचे गट पाडण्यांत आले. मग आधीं गटाचा आंकडा व मागाहून आवाजाचा, असा क्रम पाळावा लागतो. हे सर्व हुकूम सोळा मार्गांपैकीं एका मार्गानें जातात. कंट्रोलर पहिल्या मार्गानें बोलत असेल व पेटारा दुसऱ्या मार्गावर कान देऊन बसला असेल, तर दोघेही शाबूत असून कांहींच घडत नाहीं. बिघाड शोधतांना प्रथम हेंच पाहावें.

१९९१ सालीं १२८ आवाजांची एक सर्वमान्य यादी ठरली. तींत सतार १०५ वी व सनई ११२ वी आहे. आतां गंमत अशी कीं कांहीं कंट्रोलर मोजणी शून्यापासून करतात, कांहीं एकापासून. शून्यापासून मोजणाऱ्यावर ११२ लावलें तर सनईऐवजीं पुढच्या क्रमांकाची बारीक घंटी किणकिणते, आणि सतारीच्या जागीं बँजो येतो. शिरूर तालुक्यांतील निमोण्यासारख्या गांवीं मांडवांत वधूवर अंतरपाटाशीं उभे आहेत, मंगलाष्टक संपलें आहे, आणि सनईच्या जागीं ही घंटी वाजली, म्हणजे काय होईल तें सांगावयास नको. अशा वेळीं पुस्तिका उघडण्यास सवड नसते. एका आंकड्याच्या फरकाची ही परीक्षा घरींच करून घेतली पाहिजे.

प्रिसेट ह्या शब्दानेंही घोटाळा होतो, कारण तो दोन निरनिराळ्या वस्तूंस लावला जातो. एक पेटाऱ्यांतील आवाजाचा प्रिसेट; दुसरा खुद्द कंट्रोलरचा. दुसऱ्यांत आवाज नसतो; कोणती खुंटी कोणता आंकडा पाठवील, पट्ट्यांचा डावा भाग एका मार्गानें व उजवा दुसऱ्या मार्गानें बोलेल काय, गाणें बदलतांच कोणत्या आवाजाचा हुकूम आपोआप जाईल, ही मांडणी असते. डाव्या हातास तंबोऱ्याचा भरणा व उजव्या हातास बासरी ही किमया ह्याच मांडणीची. दोहोंपैकीं एक जपलें व दुसरें विसरलें, तर ऐनवेळीं काम अडतें.

खुंट्यांचा एक खोडसाळपणा येथें नोंदविला पाहिजे. पहिल्या गाण्यांत आवाजाची खुंटी पुरी चढविलेली असते. दुसऱ्या गाण्याचा प्रिसेट लावतांच आवाज मंद होतो, पण खुंटी जागची हललेली नसते. तिला बोट लागतांच आवाज एकदम उसळतो व गायक दचकतो. चांगल्या कंट्रोलरमध्यें खुंटी सांठविलेल्या आंकड्याशीं येऊन मिळेपर्यंत गप्प राहावी, अशी सोय असते. ती चालू ठेवावी. पट्ट्यांच्या डावीकडील स्वर वांकविणारें चाक हें आणखी एक लक्ष देण्यासारखें अंग. पेटीवर मींड निघत नाहीं हा तिच्यावरील जुना आक्षेप. नभोवाणीनें १९४० सालीं पेटीवर घातलेल्या व १९७१ पर्यंत टिकलेल्या बंदीमागें तोही होता. ह्या चाकानें मींड निघते. मात्र स्वर किती वांकावा हें आवाजागणिक निराळें ठरवितां येतें, आणि सामान्यतः तो दोन अर्धस्वरांपर्यंतच वांकतो. सतारीची मींड लांब हवी असेल तर त्या प्रिसेटांत हें माप वाढवून ठेवावें लागतें.

शेंकडों प्रिसेट जमविण्याच्या हौसेचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. दोन तासांच्या कार्यक्रमास दहा-बारा पुरतात. ते गाण्यांच्या क्रमानें एकापुढें एक लावावे, म्हणजे पुढचा आवाज हवा तेव्हां एकच बटण दाबावें लागतें, अगर पायाखालचा खटका. अभंगाची ओळ संपून लावणीची ढोलकी सुरू होण्यास दोन श्वासांचा अवधि मिळतो. तेवढ्यांत यादींतून आवाज शोधणाराचा हात चुकणारच. आवाज संगणकांतून निघत असतील तर ते सर्व आधींच स्मृतींत भरून ठेवावे, नाहींतर हुकूम गेल्यावरही भरणी होईपर्यंत शांतता पसरते. आवाज बदलतांना पट्ट्यांवरून हात उचललेला असावा व पायाचा दट्ट्याही सोडलेला असावा. न पेक्षां कांहीं वाद्यांत जुना स्वर तुटतो, कांहींत अडकून घुमत राहतो.

सर्व मांडणीची एक प्रत संगणकांत व एक निराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि गाण्याचें नांव, मार्ग, गट व आवाजाचा क्रमांक एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून तो वाद्यावर चिकटवावा. गांवांत वीज गेली व परत आली कीं बहुतेक वाद्यें पहिल्या प्रिसेटवर उघडतात. म्हणून पहिल्या जागीं साधी पेटी लावून ठेवणें बरें.