अणुयुद्धानंतरचं पाणीवाटप

२००८ साली लक्ष्मीपूजन २८ ऑक्टोबरला आलं होतं. त्याच दिवशी अमेरिकेत 'फॉलआउट ३' हा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि भारतात आला नाही. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात कळवून टाकलं होतं की, इथल्या सांस्कृतिक भावना लक्षात घेऊन हा गेम भारतात न आणण्याचा व्यावसायिक निर्णय घेतला आहे. कोणाच्या भावना आणि गेममधल्या कशामुळे, याचा खुलासा नाही. गेम अजून बाजारातच नसल्यामुळे भावनांना दुखावून घ्यायला सवडही मिळाली नव्हती. तरी तर्क बहुतेकांनी एकच लढवला: गाय.

फॉलआउटच्या जगात गायीला दोन डोकी असतात. केस झडलेली, तांबूस कातडीची ही जनावरं व्यापाऱ्यांची ओझी वाहतात, दूध देतात आणि खाल्लीही जातात. त्यांचं नाव 'ब्राह्मिन'. अमेरिकेत 'ब्रह्मन' नावाची वशिंडाची गुरं आहेत. आपल्याकडून गेलेल्या गीर, नेल्लोर, गुजराती आणि थोड्याफार कृष्णा खोऱ्यातल्या जनावरांपासून तिथे ती जात तयार झाली. नावाची नाळ तिथवर पोचत असावी. गंमत म्हणजे ही गाय २००८ साली जन्मलेली नव्हती. १९९७च्या पहिल्या फॉलआउटपासून ती तशीच दोन तोंडांनी रवंथ करत उभी होती आणि तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं. दुसरे देशही अडखळले, पण त्यांनी कात्री चालवून काम भागवलं. ऑस्ट्रेलियाने मॉर्फिनवर बोट ठेवलं, तर औषधाचं नाव 'मेड-एक्स' झालं. जपानमध्ये गावाच्या मधोमध अणुबॉम्ब फोडण्याची मुभा काढून टाकली. हिरोशिमाच्या देशात ते समजण्यासारखं आहे. आपल्याकडे मात्र दारच लावून घेतलं.

मला त्या गायीपेक्षा तिच्या पुढ्यातल्या चाऱ्याचं कुतूहल जास्त. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यातला माणूस कुठल्याही नव्या मुलखात गेला की दोन गोष्टी आधी बघतो: पाणी कुठून येतं आणि पिकतं काय. 'फॉलआउट ३' आणि दोन वर्षांनी आलेला 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हे एकाच मालिकेतले, एकाच सॉफ्टवेअरच्या सांगाड्यावर उभे राहिलेले, दिसायलाही सख्खे भाऊ वाटणारे दोन गेम. दोघांतला कोण मोठा, हा वाद जगभर अजून चालू आहे. माझा कौल या दोन प्रश्नांवरच ठरला.

थोडी पार्श्वभूमी. या कथेतल्या जगात तेल आणि इतर साधनसंपत्तीसाठी देश एकमेकांच्या उरावर बसतात आणि २३ ऑक्टोबर २०७७ रोजी दोन-एक तासांच्या अणुयुद्धात सगळं संपतं. काही लोक 'व्हॉल्ट' नावाच्या भूमिगत कोठारांत वाचतात, त्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्यांनी बाहेर येतात. पहिला गेम इंटरप्ले कंपनीचा. त्यात नायकाला घराबाहेर काढणारं कारण अगदी साधं होतं: व्हॉल्टमधलं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडली आहे, दीडशे दिवसांत नवी आण. पुढे इंटरप्ले डबघाईला आली आणि मालिकेचे हक्क बेथेस्डाकडे गेले. बेथेस्डाने 'फॉलआउट ३' स्वतः केला, दिग्दर्शक टॉड हॉवर्ड. 'न्यू व्हेगास' मात्र ऑब्सिडियन या कंपनीला करायला दिला. तिथे जुन्या फॉलआउटवर काम केलेली मंडळी होती आणि दिग्दर्शक जॉश सॉयर एका रद्द झालेल्या फॉलआउटचा घाव मनात घेऊनच आलेला होता. त्या रद्द गेममधलं धरण आणि रोमन थाटाची फौज त्याने इथे पुन्हा उभी केली. मुदत मिळाली अवघी दीड वर्षाची.

'फॉलआउट ३'ची सुरुवात थेट जन्मापासून. आई बाळंतपणात जाते, बाप व्हॉल्टमधला डॉक्टर. तुम्ही रांगता, शाळेत जाता, परीक्षा देता आणि एकोणिसाव्या वर्षी बाप न सांगता बाहेर निघून जातो. त्याच्यामागे तुम्ही. व्हॉल्टचं अवजड दार उघडतं, उन्हाने डोळे दिपतात आणि मग हळूहळू खाली पसरलेलं उद्ध्वस्त वॉशिंग्टन दिसायला लागतं. इतकं चांगलं पहिलं पाऊल मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये टाकलेलं नाही. या गेमचं खरं बळ भटकण्यात आहे. कुठल्यातरी पडक्या घराच्या माडीवर जावं, तर पलंगावर एकमेकांना बिलगलेले दोन सांगाडे. कोणी काही सांगत नाही, नोंदवहीत काम वाढत नाही. मेट्रोच्या काळ्या बोगद्यांतून तासन्‌तास चालावं आणि बाहेर पडावं तर समोर भग्न स्मारकं. याबाबतीत 'न्यू व्हेगास' त्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्याचं वाळवंट बरंचसं रिकामं, आणि सुरुवातीला उत्तरेकडचा सरळ रस्ता धरलात की महाकाय गांधीलमाश्या तुम्हाला पाचव्या मिनिटाला मारून परत पाठवतात.

पण 'फॉलआउट ३'मधलं मेगाटन हे गाव बघा. विमानांच्या पत्र्यांनी उभारलेलं, मधोमध न फुटलेला अणुबॉम्ब, त्याच्याभोवती साचलेल्या डबक्यात उभं राहून त्या बॉम्बची पूजा करणारा पंथ. वॉल्टर नावाचा म्हातारा गावाचं पाणी शुद्ध करायचं यंत्र कसंबसं चालवतो आणि तीन ठिकाणी गळणारे पाइप बुजवायला तुम्हाला पाठवतो. इथवर झकास. आता गावाभोवती एक चक्कर मारा. शेत नाही. वाफा नाही. युद्ध होऊन २०० वर्षं लोटली आहेत, आणि लोक अजून पडक्या दुकानांतले युद्धाआधीचे डबे फोडून खात आहेत. रिव्हेट सिटी या विमानवाहू जहाजावरच्या वस्तीत एक प्रयोगशाळा भाजी पिकवते, तेवढाच अपवाद. एका गुहेत नुसत्या मुलांचं गाव आहे, ते बुरशीवर जगतं. दोनशे वर्षांत आपल्याकडे काय काय होतं? झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, तेवढ्या काळात जंगल तोडून गावं वसली, तलाव बांधले गेले, सारा वसूल करणारे मालगुजार आले आणि गेलेही. मेगाटनमध्ये कोणाला शेताच्या चार बांध्या घालाव्याशा वाटल्या नाहीत, हे काही केल्या पटत नाही.

याचं कारण लेखकांचा आळस नाही. त्यांना सांगायची होती ती उद्धाराची कथा. बापाचं स्वप्न म्हणजे जेफरसन स्मारकात बसवलेलं प्रचंड जलशुद्धीकरण यंत्र. ते चालू झालं की साऱ्या खोऱ्याला शुद्ध पाणी. बाप त्यासाठी जीव देतो, आणि शेवटी किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत शिरून आकडे दाबायची वेळ तुमच्यावर येते. मूळ आवृत्तीत तिथे एक फजिती होती. तुमच्यासोबत किरणांचा काडीचाही परिणाम न होणारा एक सोबती असू शकतो, पण "तू जा" म्हटलं तर तो नियतीच्या गोष्टी सांगून अंग काढून घेतो. नायकाने मरायचंच, असं लेखकांनी ठरवून टाकलं होतं. खेळणाऱ्यांनी इतकी बोंब मारली की २००९च्या 'ब्रोकन स्टील' या पुरवणीत शेवट बदलावा लागला.

त्या पुरवणीत मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत खरी गोष्ट सापडते. पाणी शुद्ध झालं. पुढे? पिंपं भरून ते गावोगाव पोचवायचं तर काफिले लुटले जातात. एक पंथ त्याला तीर्थ म्हणून वाटायला लागतो. एक भामटा साधंच घाण पाणी 'ॲक्वा क्युरा' या नावाने बाटल्यांत भरून विकतो. म्हणजे यंत्र चालू करणं हा गोष्टीचा शेवट नव्हताच. बेथेस्डाच्या हे उशिरा ध्यानात आलं. ऑब्सिडियनने तिथूनच सुरुवात केली.

'न्यू व्हेगास'च्या सुरुवातीला कोणी बाप नाही, व्हॉल्ट नाही. तुम्ही एक कुरिअरवाले. पार्सल पोचवताना कबरस्तानाशेजारी एक जण तुमच्या डोक्यात गोळी घालतो, गुडस्प्रिंग्ज गावचा म्हातारा डॉक्टर ती काढतो. (गेम आला तेव्हा तो इतका अर्धाकच्चा होता की, काही जणांच्या पडद्यावर याच डॉक्टरचं मुंडकं भोवऱ्यासारखं गरगर फिरायचं.) डॉक्टरच्या घरातून बाहेर पडलात की पहिली शिकवणी गावाच्या पाण्याच्या झऱ्यांवर होते. तिथल्या राक्षसी पाली हुसकावल्याशिवाय गावाला पाणी भरता येत नाही. मक्याची ताटं उभी आहेत, जनावरं चरत आहेत. माणसं खातात काय, याचं उत्तर पंधरा मिनिटांत मिळतं.

आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू: हूव्हर धरण. खऱ्या जगात कोलोरॅडो नदीवर १९३१ ते १९३६ या काळात बांधलेलं, २२१ मीटर उंचीचं. या नदीचं पाणी वाटून घेण्याचा सात राज्यांचा करार १९२२चा, म्हणजे भांडण धरणाच्या आधीपासूनचं. गेममध्ये युद्धातून धरण शाबूत राहिलं आहे. ते कोणाचं, एवढाच प्रश्न. कॅलिफोर्नियातून आलेलं प्रजासत्ताक म्हणतं आमचं: त्यांच्याकडे निवडणुका आहेत, कर आहेत, कारकून आहेत आणि जमिनी गिळणारे गुरांचे बडे मालकही. सीझर म्हणवून घेणारा हुकूमशहा रोमन इतिहास वाचून बिघडलेला, गुलामांवर राज्य करणारा. तिसरा शहराचा मालक मिस्टर हाऊस, युद्धाआधीचा धनाढ्य, दोन शतकं यंत्रांच्या आधाराने जिवंत. चौथी वाट म्हणजे तिघांनाही हाकलून धरण स्वतःकडे घेणं.

इथे आमच्या भागाचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. बरेचसे कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी बांधलेले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला असं सांगतात. पाळ कोणी दुरुस्त करायची, कुठल्या बांधीला आधी पाणी सोडायचं, हे मालगुजार आणि गाव मिळून ठरवत. १९५१मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव', बोलण्यात 'मामा तलाव'. मालगुजारी जायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण पाळ आणि सांडवा जागच्या जागी राहिले आणि त्यांची काळजी वाहणारी घडी मोडली. गाळ साचला, पोटात शेतं घुसली. रचना टिकते आणि तिच्यामागची व्यवस्था कोसळते, तेव्हा काय होतं ते पाहायला अणुबॉम्बची गरज पडत नाही. 'न्यू व्हेगास' लिहिणाऱ्यांना मामा तलाव ठाऊक असण्याचं कारण नाही, पण प्रश्न त्यांनी नेमका तोच धरला.

एकच प्रसंग जवळून सांगतो. शहराच्या पूर्वेला प्रजासत्ताकाची बटाईची शेतं आहेत. कुळं तक्रार करतात की पाणी पुरेसं येत नाही. चौकशीला गेलेला एक शिपाई बेपत्ता. तुम्ही माग काढत शहराच्या पश्चिमेकडल्या गरीब वस्तीत पोचता. तिथे लोकांनी सहकारी शेती उभी केली आहे, आणि लोकांची सेवा करणाऱ्या एका संस्थेतल्या माणसाने पंपांच्या संगणकात फेरफार करून सरकारी पाणी गुपचूप तिकडे वळवलं आहे. शिपायाला ते कळलं, म्हणून त्याने शिपायाला मारलं. आता करा निवाडा. त्याला पकडून दिलंत तर खुनाचा न्याय झाला. तोंड मिटलंत किंवा आळ एखाद्या गुंडांच्या टोळीवर टाकलात तर गरिबांचं पाणी चालू राहिलं, पण पूर्वेच्या कुळांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? बाघ-इटियाडोहच्या कालव्यावर ज्याची बांधी टेलला, म्हणजे अगदी शेवटाला आहे, त्याला हे कथानक समजावून सांगावं लागत नाही. रोवणीच्या दिवसांत वरच्याने रात्रीतून दार उचललं, हे त्याने अनेकदा ऐकलेलं असतं. वरचा दरवेळी चोरच असतो असंही नाही.

दोन्ही गेम तुमच्या वागण्याचा हिशेब कसा ठेवतात, तेही यावरूनच ठरलं आहे. 'फॉलआउट ३'मध्ये चित्रगुप्ताची एकच वही. मेगाटन बॉम्बने उडवून द्या, पापाची मोठी नोंद पडेल; मग रिव्हेट सिटीच्या दारात बसलेल्या तहानलेल्या भिकाऱ्याला शुद्ध पाण्याच्या बाटल्या देत सुटा, वही हळूहळू भरून निघते. आख्खं गाव भाजून काढल्यावर बाप भेटतो तो जेमतेम नाराजी दाखवतो. 'न्यू व्हेगास'मध्ये ही वही आहे, पण तिला फारसं कोणी विचारत नाही. त्याऐवजी प्रत्येक गाव, प्रत्येक टोळी तुमचं चांगलं आणि वाईट वेगवेगळं लक्षात ठेवते. एकीकडे नाव काढलंत म्हणून दुसरीकडे माफी मिळत नाही, आणि एकाच गावात तुम्ही उपकारकर्ते आणि बदमाश दोन्ही असू शकता. खेड्यात राहिलेल्या माणसाला यातली कुठली पद्धत खरी वाटेल, ते सांगायला नको.

समीक्षकांचा कौल त्या काळी उलटा होता. 'न्यू व्हेगास'ची गुणांची सरासरी ८४ झाली आणि ८५ची अट असल्यामुळे ऑब्सिडियनचा बोनस एका गुणाने हुकला, असं तिथले लेखक ख्रिस अव्हेलोन यांनी नंतर सांगितलं. अर्धाकच्चा माल बाजारात आणल्याची ती शिक्षा होती आणि ती अगदीच अन्यायाची म्हणता येणार नाही. पुढे दुरुस्त्या झाल्या, खेळणाऱ्यांनीही आपापल्या परीने डागडुजी केली आणि पारडं फिरत गेलं. २०२४ साली प्राइम व्हिडिओवर फॉलआउटची मालिका आली, तिच्या पहिल्या पर्वाच्या शेवटी क्षितिजावर दिसतं ते न्यू व्हेगासच. भारतातही ती घरोघर दिसली. कोणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही.

नव्याने खेळणाऱ्याने आधी 'फॉलआउट ३' घ्यावा. उलट क्रमाने गेलात तर मेगाटनभोवतीचं रिकामं रान फार खुपेल. 'न्यू व्हेगास' सुरू करताना 'हार्डकोर' नावाची कठीण पद्धत निवडायची. त्यात भूक, तहान आणि झोप मोजली जाते, बंदुकीच्या गोळ्यांनासुद्धा वजन असतं, आणि मोहावीच्या वाळवंटात प्रत्येक विहिरीची जागा नकाशावर ध्यानात ठेवावी लागते.