गेम नेमका कुठे तुटतो?

मूल ऑनलाइन गेममधून मध्येच बाहेर फेकलं गेलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘नेट गेलं!’ मग कोणीतरी उठून राउटर बंद करतं, पुन्हा चालू करतं. गेम सुरू होतो आणि तासाभराने पुन्हा तुटतो. राउटर बंद-चालू केल्याने वेळ निभावते, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही. उलट शोधायला लागणारी खूणच पुसली जाते.

बिघाड चारपैकी कुठल्याही जागी असू शकतो. मुलाच्या हातातल्या लॅपटॉप किंवा फोनपासून घरातल्या राउटरपर्यंत हा पहिला टप्पा. राउटरपासून नेट पुरवणाऱ्या कंपनीपर्यंत दुसरा. तिथून गेमच्या सर्व्हरपर्यंत तिसरा. आणि सर्व्हर स्वतः, हा चौथा. प्रत्येक ठिकाणचा उपाय निराळा, म्हणून आधी जागा शोधायची. दहा-बारा वर्षांचं मूल मोठ्यांना सोबत घेऊन हे काम व्यवस्थित करू शकतं, आणि ते त्यालाच करू द्यावं असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. ‘माझी मालिका छान चालली आहे, तुझाच गेम कसा तुटतो?’ असं आपण मुलाला सुनावतो. मूल खोटं बोलत नसतं. व्हिडिओ पुढचा काही भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मधले पाच-सात सेकंद नेट अडखळलं तरी पडद्यावर काही दिसत नाही. गेमला ती सोय नाही. मुलाने आत्ता उडी मारली तर ती आत्ताच सर्व्हरला कळायला हवी. बराच वेळ काही कळलं नाही तर सर्व्हर समजतो की खेळाडू निघून गेला, आणि त्याला बाहेर काढतो. मायनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत ही वाट पाहण्याची मुदत सुमारे ३० सेकंदांची आहे.

म्हणूनच स्पीड टेस्टचा आकडा इथे फारसा उपयोगी पडत नाही. खेळ चालू असताना बहुतेक गेमना अगदी थोडा डेटा लागतो. १०० एमबीपीएसचं कनेक्शन २०० चं केलं म्हणून गेम तुटायचा थांबत नाही. महत्त्वाचं असतं ते निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो, म्हणजे पिंग, आणि वाटेत किती निरोप हरवतात. पिंग मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. त्याला निसर्गाचीच एक मर्यादा आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सुमारे चार हजार किलोमीटर, जाऊन-येऊन आठ हजार. म्हणजे सर्व्हर सिंगापूरला असेल तर ४० मिलिसेकंद लागणारच, कितीही पैसे मोजले तरी. प्रत्यक्षात केबलची वाट वळणावळणाची असल्याने जास्तच लागतात. पण ६०-७० चा पिंग सतत तेवढाच राहिला तर मूल मजेत खेळतं. घात होतो तो ३० वरून अचानक ५०० वर गेला की.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट, गेम तुटला की पडद्यावरचा संदेश लगेच बंद करायचा नाही. तो वाचायचा, वहीत लिहायचा, शेजारी वेळ लिहायची. मुलांना घाईत तो चौकोन मिटवायची सवय असते. ही सवय मोडली की निम्मं काम झालं. रोब्लॉक्सचं उदाहरण घ्या. तिथे २७७ हा क्रमांक आला तर संपर्क खरोखर तुटला आहे. २७८ आला तर मूल २० मिनिटं काहीच न करता बसलं होतं, म्हणून गेमने त्याला काढलं. बहुधा जेवायला उठलं असेल. २६४ म्हणजे तेच खातं दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणावर उघडलं गेलं. घरात भावाने टॅबवर उघडलं नसेल, तर पासवर्ड कोणाकोणाला दिला आहे ते शांतपणे विचारा आणि तो त्याच दिवशी बदला. यातल्या शेवटच्या दोन प्रकारांत नेटचा काडीचाही दोष नाही.

मायनक्राफ्टमध्ये आणखी एक गोष्ट विचारावी लागते : जग कोणाचं आहे? मित्राने आपल्या फोनवर जग उघडून सगळ्यांना बोलावलं असेल, तर ते जग त्या मित्राच्या फोनवरच चालतं. त्याच्या फोनची बॅटरी संपली किंवा त्याच्या घरी वीज गेली की बाकी सगळे बाहेर. अशा वेळी आपल्या घरचा राउटर तपासून काही हाती लागत नाही. बाकीचे मित्रही त्याच क्षणी बाहेर पडले का, एवढं विचारलं की उत्तर मिळतं. कधीकधी गेमची कंपनीच बंद पडलेली असते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस रोब्लॉक्स जगभर ७३ तास बंद होतं. मोठ्या गेमचं स्वतःचं ‘स्टेटस’ पान असतं. ते आधी पाहायचं.

एवढं करूनही कारण सापडलं नाही तर पिंगची परीक्षा. १९८३ साली माइक मूस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने लिहिलेला हा छोटासा प्रोग्रॅम आज जवळपास प्रत्येक संगणकात असतो, फुकट. विंडोजच्या लॅपटॉपवर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहा आणि एंटर दाबा. ‘डिफॉल्ट गेटवे’ असं लिहिलेल्या ओळीसमोर जो पत्ता दिसतो तो आपल्या राउटरचा. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग त्याच खिडकीत पिंग, जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि टी असं लिहा. दर सेकंदाला एक ओळ उमटू लागेल. आता कमांड प्रॉम्प्टची दुसरी खिडकी उघडा आणि तीच आज्ञा ८.८.८.८ या पत्त्यासाठी द्या. हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे, म्हणजे घराबाहेरचा साक्षीदार. आकडे अर्थातच इंग्रजी टाइप करायचे. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी लावून मुलाला नेहमीसारखं खेळू द्या.

गेम तुटला की लगेच दोन्ही खिडक्यांकडे पाहायचं. वरपासून खाली ‘टाइम’ पुढे २, ३, २ असे आकडे चाललेले असतात आणि मधेच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ अशी ओळ येते, म्हणजे निरोप गेला पण उत्तर आलं नाही. राउटरच्या खिडकीतच अशा ओळी दिसल्या, किंवा तिथले आकडे दोन-तीनवरून शेकड्यात गेले, तर दोष घरातल्या वायफायचा किंवा लॅपटॉपचा. राउटरची खिडकी स्वच्छ आणि बाहेरची अडखळलेली असेल तर दोष राउटरच्या पलीकडे. दोन्ही स्वच्छ असूनही गेम तुटला तर गेमचा सर्व्हर, तिथपर्यंतची वाट किंवा गेमचा प्रोग्रॅम. एखादी तुरळक ओळ उशिरा आली तर तिकडे दुर्लक्ष करा. राउटर आपल्या कामात असला की पिंगला सावकाश उत्तर देतो. शेवटी कंट्रोल आणि सी दाबलं की किती पाठवले, किती परत आले, किती हरवले याचा हिशेब समोर येतो. तो वहीत उतरवायचा. टक्केवारी शाळेत शिकलेलं मूल हा हिशेब आनंदाने करतं.

माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत गाडी अडते ती पहिल्याच टप्प्यावर, वायफायवर. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, मुलाचं टेबल आतल्या खोलीत, मधे दोन विटांच्या भिंती आणि एक लोखंडी कपाट. वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो, पण त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ हेडफोन आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही असतो. फ्लॅटच्या इमारतीत तिथे फार गर्दी. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि चपळ, पण भिंतीपुढे लवकर दमतो. मूल राउटरच्याच खोलीत बसत असेल तर ५ वर जोडा. २.४ वरच राहावं लागलं तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ निवडा, कारण हे तीनच एकमेकांवर येत नाहीत. राउटर कपाटातून बाहेर काढून उंच, मोकळ्या जागी ठेवा. लॅपटॉपमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये वायफाय कार्डाच्या नावाखाली वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती खूण काढून टाका.

पण पैसे खर्च करायचे असतील तर आधी लॅनची वायर आणा. महागडा ‘गेमिंग राउटर’ नाही, सिग्नल वाढवणारं स्वस्त यंत्रही नाही. ते तोच निरोप पुन्हा हवेतून पाठवतं आणि उशीर वाढवतं. साध्या लॅन वायरीला १०० मीटरपर्यंत अडचण नसते. परीक्षेपुरती ती दारातून आडवी टाका, दोन संध्याकाळी मुलाला तिच्यावर खेळू द्या. राउटरची खिडकी एकदम स्वच्छ झाली तर निकाल लागला. मग वायर भिंतीच्या कडेने नीट बसवून घ्या. लॅपटॉपला लॅनची जागा नसेल तर यूएसबीला लावायचं छोटं अडॅप्टर मिळतं.

दुसरं कारण संध्याकाळी हमखास सापडतं. वहीत रात्री नऊ-साडेनऊच्या नोंदी जास्त दिसल्या तर त्या वेळी घरात कोण काय वर पाठवत होतं ते पाहा. आईचा फोन चार्जिंगला लागला की दिवसभरातले फोटो-व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढू लागतात. राउटरच्या दारात या मोठ्या फायलींची रांग लागते आणि गेमचा चिमुकला निरोप, घाटात मालट्रकांमागे अडकलेल्या एसटीसारखा, मागे खोळंबतो. वेग भरपूर असूनही पिंग शेकड्यात जातो तो यामुळे. बॅकअपची वेळ रात्री उशिराची ठेवली की भागतं. काही राउटरमध्ये ‘क्यूओएस’ नावाची सोय असते. तिथे मुलाच्या लॅपटॉपला प्राधान्य देता येतं किंवा अपलोडवर मर्यादा घालता येते.

आपल्याकडचं आणखी एक कारण म्हणजे वीज. ती क्षणभर लपकते, इन्व्हर्टर लगेच सांभाळून घेतो, दिवा जेमतेम मिचकतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, त्याला एक-दोन मिनिटं लागतात आणि गेम गेलेला असतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि साधा असे दोन पर्याय निवडायचं बटण असतं. यूपीएसवर ठेवलं की अदलाबदल झटपट होते. तरीही राउटर तग धरत नसेल तर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅटरी लागेल, नाहीतर राउटर जागा आणि नेट झोपलेलं.

बाहेरची खिडकी अडखळत असेल तर फायबरच्या डब्यावरचे दिवे पाहा. ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला किंवा लुकलुकला तर प्रकाशच पोचत नाही. बारीक वायर कपाटामागे चेपली आहे का, कोपऱ्यावर घट्ट वळली आहे का, एवढंच पाहायचं. ती उपसून तिच्या टोकात डोकावायचं नाही. आतला लेसरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. हे मुलाला स्पष्ट बजावून सांगा.

आणि काही गोष्टी मुळीच करू देऊ नका. पिंग कमी करून देण्याचं आश्वासन देणारी अनोळखी ॲप उतरवायची नाहीत. कोणा व्हिडिओत सांगितलं म्हणून फायरवॉल बंद करायची नाही, राउटरचे पोर्ट उघडायचे नाहीत. ‘मी तुझा लॅग घालवतो’ म्हणणाऱ्या गेममधल्या दादाला स्क्रीन किंवा पासवर्ड द्यायचा नाही. गेमसाठी हळहळणारं मूल अशा वेळी पटकन विश्वास ठेवतं. म्हणून गेम तुटल्यावर त्याला रागावण्याऐवजी शेजारी जाऊन बसा. हरलेल्या डावाचं दुःख त्याच्यासाठी खरंच असतं.

दोष कंपनीच्या बाजूचा निघाला तर नुसतं ‘नेट चालत नाही’ असं कळवू नका. ‘चालू आहे’ म्हणून तक्रार बंद होते. वही समोर ठेवून सांगा : लॅपटॉप लॅन वायरीवर होता, राउटरचा पिंग स्वच्छ होता, बाहेरचे शंभरातले इतके निरोप हरवले, तारीख आणि वेळ अमुक. घरी येणाऱ्या माणसाला फायबरची ताकद मोजायला सांगा. आकडा उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर वायर किंवा जोड दुरुस्त करणं त्यांचं काम आहे. तक्रारीचा क्रमांक न विसरता घ्या आणि त्याच वहीत लिहा. कंपनीने दाद दिली नाही तर त्या क्रमांकाच्या आधारे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.