जुनी केबिन क्रूझर घ्यायचीय? आधी हातोडी, रंगाचा डबा सगळ्यात शेवटी

लोकलच्या गर्दीत ऐकताना आकडे कानातून निसटतात, म्हणून या भागाचा मजकूर इथे जरा नीट करून ठेवतोय. ज्यांनी ऐकलाय त्यांना उजळणी होईल, ज्यांनी नाही ऐकला त्यांनी सरळ वाचलं तरी चालेल.

आजचा प्रश्न असा: आयुष्यातली पहिली बोट म्हणून कुणी जुनी केबिन क्रूझर घेतली आणि तिला पुन्हा पाण्यात उतरवायचं ठरवलं, तर काम कुठून सुरू करायचं?

केबिन क्रूझर म्हणजे इंजिनावर चालणारी, साधारण वीस ते चाळीस फुटांची बोट. आत झोपायला दोन-चार बर्थ, छोटासा ओटा, जमलं तर टॉयलेट. पाण्यावरची वन आरके म्हणा ना.

पनवेलकराला बोट कशाला?

हा प्रश्न आपल्या आजोबांच्या आजोबांना हास्यास्पद वाटला असता. पनवेल हे बंदर होतं. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं तर माणूस होडीनं पनवेलला उतरायचा आणि पुढे खोपोली, बोरघाट असा रस्ता धरायचा. आता खाडीत गाळ आहे, काठावर खारफुटी आहे, आणि बोट म्हटलं की आपण गेटवे किंवा मांडव्याकडे बघतो. तरी बेलापूर, मोरा, करंजा, रेवस, मांडवा हे सगळं आपल्या अंगणातच. इथे बोट ठेवायची, तर आधी पाण्याचा स्वभाव माहीत हवा. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. सकाळी तरंगणारी बोट दुपारी चिखलात बसलेली दिसते. भांगाच्या दिवसांत हा फरक बराच कमी असतो.

स्वस्त बोट का स्वस्त असते

तीस वर्षं जुनी फायबरची बोट बाहेरून चकचकीत दिसू शकते. पॉलिश मारलं, नवी गादी टाकली, दोन एलईडी पट्ट्या लावल्या की फोटो झकास येतो. आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर जुन्या कोडवर नवीन यूआय चढवल्यासारखं. खाली काय चाललंय ते स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

म्हणून आजच्या भागाचं सार सुरुवातीलाच सांगतो. पहिली बोट दुरुस्त करताना क्रम चुकला की पैसे जातात, आणि कधीकधी जीवही. क्रम असा: आधी बोटीचं अंग, मग पाण्याखालची भोकं, मग इंधन आणि वायरिंग, मग इंजिन, आणि रंग, गादी, पडदे सगळ्यात शेवटी. नवा मालक बहुतेक वेळा याच्या बरोब्बर उलट जातो, कारण रंग लगेच दिसतो.

हातोडी आणि कान

फायबरची बोट म्हणजे सगळी फायबर, असं आपल्याला वाटतं. खरं तर डेकच्या पोटात, मागच्या आडव्या भिंतीत आणि तळाला ताठ ठेवणाऱ्या लांब पट्ट्यांत बऱ्याचदा प्लायवूड किंवा हलकं बाल्सा लाकूड असतं. वर-खाली फायबर, मध्ये लाकूड. सँडविचच समजा. कोरडं असेपर्यंत हे सँडविच हलकं आणि दणकट असतं. पण कुणीतरी रेलिंग बसवायला चार स्क्रू मारतो, त्यांच्या कडेचं सीलंट काही वर्षांत सुकतं, आणि पावसाचं पाणी थेंबाथेंबानं आत जातं. बाहेर यायला त्याला वाट नसते. लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरचा पापुद्रा तसाच चमकत राहतो.

हे शोधायला यंत्र लागत नाही. प्लॅस्टिकच्या तोंडाची छोटी हातोडी घ्या, नाहीतर जाड नाणं. डेकवर दर चार बोटांवर हलकेच ठोकत चला. ठणठणीत आवाज आला तर ठीक. ‘भद्’ असा मेलेला आवाज आला की तिथे खडूनं खूण करा. अर्ध्या तासात डेकचा नकाशा तयार होतो. चालताना पायाखाली डेक दबत असेल तर वेगळा पुरावा लागतच नाही.

खुणा पाच-सहा असतील तर काम करता येण्यासारखं आहे. निम्मा डेक आणि मागची भिंत खडूनं भरली, तर विकणाऱ्याला नमस्कार करा आणि घरी या. मागच्या भिंतीवर आउटबोर्ड इंजिनाचं सगळं वजन आणि सगळा जोर येतो, तिथे ‘चालेल’ हा शब्द वापरायचा नसतो.

एक भोक, एक मिनिट, शंभर लिटर

आता पाण्याखाली. इंजिनाला थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, टॉयलेटलाही लागतं. त्यासाठी बोटीच्या तळाला मुद्दाम भोकं असतात आणि प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह, त्याला सीकॉक म्हणतात.

समजा ४० मिलीमीटर व्यासाचं भोक पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर आहे आणि त्याचा पाइप निसटला. बारावीच्या फिजिक्सनं हिशेब केला तर सुरुवातीला मिनिटाला सुमारे ११० लिटर पाणी आत येतं. दहा मिनिटांत टनभर. आता तळातलं पाणी उपसणारा, डब्यावर ‘ताशी २००० लिटर’ छापलेला छोटा पंप बघा. म्हणजे मिनिटाला फार तर ३३ लिटर, तेही बॅटरी भरलेली आणि पाइप सरळ असेल तेव्हा. पंप चालू आहे म्हणजे बोट सुरक्षित आहे, हा समज इथेच बुडतो.

म्हणून प्रत्येक सीकॉक हातानं उघड-बंद करून बघायचा. जाम असेल तर बदलायचा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा पितळी व्हॉल्व्ह लावायचा मोह टाळा. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, उरलेलं तांबं स्पंजासारखं पोकळ होतं आणि एक दिवस हातात तुटून येतं. इथे ब्राँझ किंवा बोटीसाठीच बनवलेलं मजबूत प्लॅस्टिक लागतं. पाइपला एकाऐवजी दोन क्लिप. आणि प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच मापाची लाकडी गुडदी दोरीनं बांधून ठेवायची. ही दुरुस्तीतली सगळ्यात स्वस्त वस्तू, पण वेळ आली की तीच कामाला येते.

वास येणारा धोका आणि वास न येणारा

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती खाली सांडून निघून जाते. बोटीला खाली जागाच नाही, त्यामुळे ती तळात साचते आणि स्टार्टरच्या एका ठिणगीची वाट बघते. म्हणून पेट्रोल इंजिन असलेल्या बंदिस्त बोटीत सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं हवा बाहेर फेकणारा पंखा चालवायचा, आणि तरीही नाकानं वास घ्यायचा. स्टार्टर, अल्टरनेटर बदलताना गाडीचा स्वस्त पार्ट बसवू नका. बोटीचे पार्ट ठिणगी बाहेर पडू नये असे बनवलेले असतात. स्वयंपाकाचा गॅसही हवेपेक्षा जड. सिलिंडर केबिनमध्ये ठेवायचाच नाही, बाहेर उघड्यावर, तळाशी गळतीला वाट असलेल्या पेटीत ठेवायचा.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. जनरेटर लावून एसीत झोपायचं स्वप्न असेल, तर धूर बाहेर नेणारा पाइप शाबूत आहे का हे आधी बघा आणि केबिनमध्ये अलार्म लावा. डोकं दुखतंय म्हणून आडवं व्हायचं नाही, उठून बाहेर यायचं.

वायरिंग १२ व्होल्टचं म्हणून हलक्यात घेऊ नका. शॉक लागणार नाही, पण आग लागेल. मुख्य फ्यूज बॅटरीपासून १८ सेंटीमीटरच्या आत हवा आणि वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची हवी. साध्या तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते.

इंजिन काय सांगतं

ऑइलची काडी बाहेर काढा. ऑइल दुधाळ, मसाला चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपात रबराचं छोटं पंख्यासारखं चाक असतं. ते वर्षानुवर्षं पडून असेल तर कडक झालेलं असतं, सरळ बदला. धूर आणि पाणी जिथे एकत्र होतात तो एक्झॉस्टचा कोपरा आतून गंजतो, बाहेरून काहीच दिसत नाही. तो उघडूनच बघावा लागतो. डिझेलच्या टाकीत तळाला पाणी आणि शेवाळासारखा गाळ साचतो. उभ्या बोटीत त्याचा त्रास होत नाही, पण लाटांत टाकी ढवळली गेली की फिल्टर तुंबतो. म्हणजे इंजिन नेमकं नको तिथे बंद पडतं.

कॅलेंडर कोळ्यांकडून घ्या

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या जातात, जाळी विणली जातात, डागडुजी होते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन हंगाम सुरू होतो. हे वेळापत्रक बोटवाल्यानं जसंच्या तसं उचलावं, फक्त एक फरक करून. फायबरचं काम भर पावसात करू नका.

कारण इपॉक्सी. जुन्या फायबरवर इपॉक्सी उत्तम चिकटतं, साधं पॉलिस्टर रेझिन तितकं नाही. पण दमट हवेत इपॉक्सी सुकताना वर मेणासारखा थर येतो. तो पाण्यानं धुऊन, मग घासल्याशिवाय पुढचा थर दिला तर तो सोलून निघतो. शिवाय पॉलिस्टरमध्ये हार्डनर थोडा जास्त टाकला तर लवकर सेट होतं, इपॉक्सीत तसं चालत नाही. डब्यावरचं प्रमाण म्हणजे प्रमाण, वजनकाट्यावर मोजून.

भोक बुजवायचा नियमही लिहून घ्या: काठ बारास एक या उतारानं घासायचा. जाडी ६ मिलीमीटर असेल तर चारी बाजूंनी ७२ मिलीमीटर. भोकापेक्षा ठिगळ मोठं दिसतं, पण जोर पेलतं ते या उतारामुळेच. घासताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेची धूळ आहे ती. म्हणजे पावसाळ्यात इंजिन आणि वायरिंग उघडून बसा, फायबरला दिवाळीनंतर हात लावा.

कागद

महाराष्ट्रात या विषयाचं कार्यालय म्हणजे १९९६ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड. अंतर्देशीय जलमार्गांवरच्या यांत्रिक बोटींची तपासणी आणि नोंदणी आता २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली होते, त्याआधीचा कायदा होता १९१७ चा. ‘नोंदणी नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडून बोट घेऊ नका. बोटीवरचा आणि इंजिनावरचा नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा, मगच पैसे द्या.

दिवाडी बेटावरचा धडा

आता म्हणाल, एवढं सगळं मालकानं स्वतः का शिकायचं? कारागिराला देऊन टाकू.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची बोट बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली. तिचं अंगसुद्धा लाकूड आणि वर फायबर असंच आहे. म्हणजे लाकूड असणं वाईट नाही, ते ओलं होणं वाईट. बांधणीवर देखरेख करत होते कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून एकटे निघाले, चार ठिकाणी थांबले, आणि १९ मे २०१० ला पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून मुंबईत परतले. अशी एकट्यानं शिडावर प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. समुद्रात मिस्त्रीला फोन लावता येत नाही. बोटीतला प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय, त्याचा हात अंधारात योग्य व्हॉल्व्हवर जातो.

आपल्याला काही जगप्रदक्षिणा करायची नाही, मांडव्यापर्यंत जाऊन आलो तरी पुष्कळ. पण १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून बुडाली, तेही असंच रोजचं अंतर होतं. धडक आपल्या हातात नसते. लाइफ जॅकेट सीटखाली कुलपात आहे की अंगावर आहे, हे मात्र असतं.

तर कारागीर जरूर बोलवा, करंजा-रेवदंड्याकडच्या जुन्या मिस्त्रींच्या हातात आपल्या यूट्यूबपेक्षा जास्त ज्ञान आहे. फक्त तो काम करत असताना शेजारी उभे राहा, टॉर्च धरा, प्रश्न विचारा, प्रत्येक पाइपचा फोटो काढा. पैसे एकरकमी न देता टप्प्याटप्प्यानं द्या, आणि बोट पाण्यात उतरवून पहिली रात्र तळ कोरडा राहिला की मगच रंगाचा डबा उघडा.

बोटीचं नाव काय ठेवायचं, ते तोवर सुचेलच. भेटू पुढच्या भागात!