घर बदलताना आधी पुस्तकांची पेटी

शाळेला सुट्टी लागली, शेतातले काम हलके झाले की पहूरसारख्या गावात घर बदलण्याचे दिवस येतात. कोणी पेठेतून कसब्यात जातो, कोणी धाब्याचे जुने घर सोडून सिमेंटच्या दोन खोल्यांत जातो, तर कोणी पोटापाण्यासाठी थेट जळगाव, सुरत किंवा पुणे गाठतो. पूर्वी पाचोरा-जामनेर छोट्या गाडीत गाठोडी टाकता येत. ती गाडी २०२० साली बंद झाली. आता टेम्पो ठरवायचा आणि त्यात मावेल तेवढेच न्यायचे.

भांडी चढतात, पलंग चढतो, शिलाई मशीन चढते. शेवटी कोनाड्यातली पुस्तके खाली निघतात आणि घरात वाद सुरू होतो. "एवढं ओझं कशाला? द्या रद्दीत!" असे कोणीतरी म्हणतेच. वाचणारा माणूस गप्प बसतो. नव्या घरात जागा थोडी आहे, टेम्पोवाला घाई करतो आहे, हे त्यालाही दिसत असते. अशा वेळी बाबासाहेबांनी किती घरे बदलली आणि दर वेळी त्यांच्या ग्रंथांचे काय झाले, हे आठवावे.

लहानपणी परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारा संसार होता. त्या दाटीतही सुभेदार रामजींनी भीमरावांच्या पुस्तकांना कधी नाही म्हटले नाही. हातात पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की दागिना सोडवून देत. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहामागे एका बापाची ही धडपड आहे आणि लेकींचे दागिने आहेत.

पुढे १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकताना बाबासाहेबांनी पोट मारून जुनी पुस्तके घेतली. ती सुमारे दोन हजार होती, असे चरित्रकार सांगतात. परत निघताना ती एका स्नेह्याच्या हवाली केली, पण त्यांतली थोडीच त्यांच्या हाती आली. १९१७ साली लंडनहून येताना सामान वेगळ्या जहाजाने पाठवले. महायुद्ध चालू होते. पाणतीराने ते जहाज बुडाले आणि ग्रंथ समुद्रात गेले. नुकसानीबद्दल थोडी रक्कम मिळाली, पण गेलेली पुस्तके आणि त्यांत केलेल्या खुणा परत कुठून मिळणार?

त्याच वर्षी ते बडोद्याला नोकरीवर गेले. जातीमुळे घर मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. ओसाड वास्तू, वटवाघळे, रात्री एक मिणमिणता कंदील. तिथे माणसाची सोबत नव्हती, म्हणून मी पुस्तकांची सोबत धरली, अशा अर्थाचे त्यांनीच आठवणींत लिहिले आहे. अकराव्या दिवशी सकाळी वाचनालयाची पुस्तके परत करायला म्हणून त्यांनी हातात घेतली, तोच काठ्या घेतलेला जमाव जिन्यावर आला. संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम झाला. रात्रीच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. त्या दिवशी त्यांना घर बदलायचे होते, पण जायला दुसरे घरच नव्हते.

हे सोसलेल्या माणसाने स्वतःचे घर बांधले तेव्हा त्यात ग्रंथांचा विचार आधी केला. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या सोडून १९३४ साली कुटुंब दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृहा'त आले. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिलेल्या या वास्तूच्या आराखड्यातच ग्रंथालय होते. पुढे दिल्लीला बिऱ्हाड हलले. १९५१ साली मंत्रिपद सोडल्यावर सरकारी बंगलाही सुटला आणि ते २६, अलीपूर रोडला राहायला गेले. तिथेही पुस्तके सोबत होतीच. त्यांच्या संग्रहातले पुष्कळ ग्रंथ मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत. १९४६ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयात गरिबांची मुले शिकली.

आपले घर राजगृहाएवढे नसेल. पण एक फळी तर मारता येते! म्हणून घर हलवताना थोडी काळजी घ्यावी.

सामान बांधण्याआधी आठ दिवस पुस्तके काढून सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावीत. जुन्या मातीच्या भिंतीतली वाळवी नव्या घरी नेऊ नये. पाने उघडून झटकावीत. दाखला, जातीचे प्रमाणपत्र, सातबाराचा उतारा अशी हरवलेली कागदपत्रे पुष्कळदा पुस्तकातच सापडतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला पेटीत घालावा. मोठे खोके भरू नये, ते उचलताना तळ फाटतो. लहान खोकी करावीत, जड ग्रंथ खाली ठेवावेत. वहीत यादी करावी आणि शेजारी वाचायला दिलेली पुस्तके आधी मागून घ्यावीत.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म', १९७९ पासून शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, वडिलांच्या हातची वही, यांची पिशवी टेम्पोत टाकू नये. ती आपल्या मांडीवर असावी. यातला एखादा खंड गेला तर हवा तेव्हा बाजारात मिळेलच असे नाही. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर एक विहाराला किंवा शाळेला द्यावी. रद्दीत किलोने घातलेले पुस्तक कोणाच्याच वाचनात येत नाही.

नव्या घरात गेल्यावर ओल नसलेली भिंत पाहून पहिल्याच दिवशी फळी ठोकावी, मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. पुस्तके मुलांनाच लावू द्यावीत. वेडीवाकडी लावतील, मध्येच एखादे उघडून वाचत बसतील. बसू द्यावे. चूल पेटायला थोडा उशीर झाला तरी चालेल.